आधी पेडल घ्या, मग विमान: डीसीएसच्या स्पिटफायर मार्क नऊचं परीक्षण

स्पिटफायर हे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान उडवलेल्या वैमानिकांच्या आठवणींमध्ये काही गोष्टी पुन्हा पुन्हा भेटतात. जमिनीवर असताना समोरचं सगळं झाकून टाकणारं लांब नाक. उड्डाण घेताना डावीकडे जाणारी जबरदस्त ओढ. दोन बोटांनी धरावी इतकी हलकी स्टिक, म्हणजे विमान वळवायची दांडी. आणि परवानगीची वाट पाहत उभं राहिलं की भराभर चढणारा कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या तापमानाचा, काटा. डीसीएस हा ईगल डायनॅमिक्सचा संगणकावर विमान उडवायचा खेळ, आणि त्यात वेगळं विकत घ्यायचं विमान म्हणजे मॉड्यूल. 'डीसीएस: स्पिटफायर एलएफ मार्क नऊ' (मार्क म्हणजे विमानाची आवृत्ती) हे मॉड्यूल डिसेंबर २०१६ मध्ये आलं. इथे ते आम्ही दोन कसोट्यांवर पाहिलं आहे: या आठवणी, आणि रॉयल एअर फोर्सने वैमानिकांना दिलेल्या 'पायलट्स नोट्स'मधले आकडे. निकाल आधीच सांगून टाकतो. मॉड्यूल घेण्याजोगं आहे, पण रडर पेडल (शेपटीवरचा रडर पायाने वळवायची साधनं) नसतील तर आधी पैसे तिकडे घाला.

खर्चाचा हिशेब मॉड्यूलच्या किमतीवर करू नका. मूळ डीसीएस वर्ल्ड फुकट आहे, सोबत कॉकेशस आणि मारियानाज हे नकाशेही फुकट मिळतात. स्पिटफायरची पूर्ण किंमत पन्नास डॉलरच्या आसपास असते आणि वर्षातून अनेकदा सवलत लागते, तेव्हा पूर्ण किमतीला घ्यायची घाई नको. पण नॉर्मंडी किंवा इंग्लिश खाडीचा नकाशा वेगळा विकत घ्यावा लागतो आणि त्या काळातले रणगाडे, जहाजं, विमानविरोधी तोफा यांचा 'ॲसेट्स पॅक'ही वेगळा. दुसऱ्या महायुद्धाच्या बऱ्याच ऑनलाइन सर्व्हरवर या दोन्ही गोष्टींशिवाय प्रवेशच मिळत नाही. संगणकात ३२ जीबी रॅम आणि एसएसडी असावी. साध्या हार्ड डिस्कवर नकाशा उघडायला लागणारा वेळ आणि उडताना बसणारे धक्के दोन्ही असह्य होतात.

आता पेडल का, ते. स्पिटफायरला पायाच्या टोकाने दाबायचे ब्रेक नाहीत. स्टिकच्या गोल मुठीवर सायकलच्या ब्रेकसारखा एक लिव्हर असतो. तो दाबला की हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक लागतात आणि कोणत्या चाकाला किती, हे रडर किती वळवलाय त्यावर ठरतं. रडर मध्यावर असेल तर दोन्ही चाकांना सारखं, पूर्ण उजवीकडे असेल तर फक्त उजव्याला. त्यामुळे टो-ब्रेक नसलेली स्वस्त पेडलंही इथे पूर्ण कामाची ठरतात. मात्र ब्रेकचा लिव्हर एखाद्या ॲनालॉग अक्षावरच लावा: थ्रॉटलवरचा स्लायडर चालेल, पेडलला टो-ब्रेक असतील तर त्यातला एक चालेल. बटणावर लावलात तर ब्रेक एक तर शून्य नाही तर पूर्ण लागतो, आणि पूर्ण ब्रेक म्हणजे नाक जमिनीत. पिळता येणाऱ्या जॉयस्टिकवर रडर चालवता येतो, पण पिळताना हात नकळत पुढेमागे होतो आणि या विमानाला तेवढंही पुरतं.

कंट्रोल्सच्या पानावर पिच अक्षाला (नाक वर-खाली करणाऱ्या) १५ ते २० चा कर्व्ह द्या, म्हणजे मध्याजवळ स्टिक सौम्य होते. खऱ्या विमानाची स्टिक लांब असते, टेबलावरची आखूड, म्हणून हा फरक भरून काढणं रास्तच आहे. सॅच्युरेशन (हालचालीची कमाल मर्यादा) कमी करू नका, कारण उतरताना स्टिक पूर्ण मागे लागते. मग 'स्पेशल' टॅबमध्ये जाऊन ऑटो रडर बंद करा आणि टेक-ऑफ असिस्टन्स शून्यावर आणा. ही मदत चालू राहिली तर खेळ तुमच्या वतीने परस्पर कंट्रोल हलवतो. मग आपला पाय किती पडतोय आणि खेळाचा किती, हे कळत नाही, आणि चुकीची सवय हाडात भिनते. उजवं कंट्रोल आणि एंटर दाबलं की पडद्यावर स्टिक, रडर आणि ट्रिमची (सतत जोर लावावा लागू नये म्हणून कंट्रोलला दिलेल्या कलाची) स्थिती दाखवणारी चौकट येते. शिकण्याच्या काळात ती उघडी ठेवावी.

इंजिन सुरू करण्याची पद्धत या मॉड्यूलमध्ये फार मन लावून केली आहे. इंधनाचा कॉक उघडायचा, थ्रॉटल अर्धा इंच पुढे, आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) लिव्हर पूर्ण पुढे, इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या सुपरचार्जरचा स्विच 'ऑटो'वर. इंधनाच्या दाबाचा इशारा देणारा दिवा विझेपर्यंत हातपंप मारायचा. मग प्रायमरची (इंजिनात सुरुवातीचं पेट्रोल ढकलणाऱ्या पंपाची) मूठ फिरवून मोकळी करायची आणि उबदार हवेत चार-पाच पूर्ण स्ट्रोक द्यायचे, थंडीत जास्त. ठिणगी देणारे दोन्ही मॅग्नेटो चालू, मग झाकणं उचलून स्टार्टर आणि बूस्टर कॉइल ही दोन्ही बटणं एकदम दाबून धरायची. इंजिन चार-दोन फटके मारून मरत असेल तर आधी फ्युएल कटऑफ लिव्हर पाहा. तो चालू स्थितीत नसेल तर इंजिन फक्त प्रायमरच्या पेट्रोलवर पेटतं आणि ते संपलं की बंद पडतं. नुसताच स्टार्टर फिरत राहिला आणि काहीच पेटलं नाही, तर बहुधा प्रायमिंग कमी पडलंय. सुरू झाल्यावर प्रायमरची मूठ पुन्हा आत दाबून फिरवून बंद करायला विसरू नका.

यानंतर १००० ते १२०० आरपीएमवर गरम करायचं. उड्डाणासाठी तेल किमान १५ अंश आणि कूलंट ६० अंश सेल्सिअस हवं. मॅग्नेटो तपासताना एकेक बंद करून पाहायचं, आरपीएमची घसरण १५० च्या आत हवी. तपासणीभर स्टिक पोटाशी ओढलेली. शेपूट हलकी असल्यामुळे ब्रेक लावून जास्त बूस्ट (इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब) दिला तर ती उचलली जाते आणि पंखा जमिनीला लागतो. खऱ्या तळांवर यासाठी माणसं शेपटीवर बसवत. खेळात ती सोय नाही, म्हणून पूर्ण शक्तीची तपासणी सोडूनच द्या.

तापणं ही इथली पहिली मोठी परीक्षा. दोन्ही रेडिएटर पंखांखाली आहेत, पंख्याच्या झोताच्या बरेचसे बाहेर. विमान उभं असलं की त्यांतून हवा जवळजवळ वाहतच नाही. रेडिएटरची झडप आपोआप उघडते ती ११५ अंशांवर, पण उभ्या विमानात झडप उघडूनही फार फायदा होत नाही. उपाय एकच, कामाचा क्रम. सगळी तयारी, रेडिओ, ट्रिम, नेम धरायची साइट, इंजिन सुरू करण्याआधी उरका. कूलंट ६० ला पोहोचलं की निघा. धावपट्टीच्या तोंडाशी थांबावंच लागलं तर नाक वाऱ्याकडे करून थांबा. वैमानिकांच्या आठवणीतली ती घाई या मॉड्यूलने तंतोतंत पकडली आहे, आणि आमच्या मते त्याच्या उत्तम गुणांत हा एक आहे.

टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर विमान चालवताना, समोरचं दिसत नाही, म्हणून नागमोडी जायचं: थोडं डावीकडे, उजव्या बाजूने बाहेर पाहा, मग उलट. शेपटीचं चाक मोकळं फिरणारं आहे, त्याला कुलूप नाही. चाकांमधलं अंतर जेमतेम ५ फूट ८ इंच. डीसीएसमधल्याच अमेरिकन मस्टँग विमानाचं जवळजवळ १२ फूट आहे आणि तिथे शेपटीचं चाक अडकवताही येतं. मस्टँगवरून इकडे येणाऱ्यांची फजिती याच दोन कारणांनी होते. विमान वळायला लागलं की ते आपण होऊन थांबत नाही. थांबवायला उलटा रडर आणि ब्रेकचा हलका स्पर्श द्यायचा आणि विमान सरळ होण्याच्या आधीच तो काढूनही घ्यायचा. सरळ झाल्यावर काढलात तर उशीर झालेला असतो.

उड्डाणासाठी एलेव्हेटरचा (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या झडपेचा) ट्रिम एक घर नाक-खाली, रडर ट्रिम पूर्ण उजवीकडे. पूर्ण +१८ बूस्ट द्यायची गरज नाही. +७ किंवा +८ वर विमान मोकळ्या धावपट्टीवरून सहज उचलतं. थ्रॉटल मनात पाच मोजत सरकवा. या विमानाच्या मर्लिन इंजिनाचा पंखा कॉकपिटमधून पाहिला तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, त्यामुळे नाक डावीकडे ओढलं जातं आणि उजवा पाय द्यावा लागतो. शेपूट उचलताना ही ओढ आणखी वाढते, म्हणून शेपूट जोरात ढकलायची नाही. जरा पुढे सोडायची आणि विमानाला स्वतः उचलू द्यायची. बहुतेकांचे अपघात पहिल्या ओढीने होत नाहीत. ओढ आली म्हणून पूर्ण उजवा रडर दिला जातो, वेग वाढून रडरला धार येते, विमान उजवीकडे वळतं, आणि मग डाव्या चाकावर भार येऊन डावा पंख टेकतो. पाय सतत हलता हवा. (ग्रिफॉन इंजिनाच्या पुढच्या मार्कांमध्ये पंखा उलटा फिरे. मर्लिनची सवय लागलेले वैमानिक तिथे चुकीचा पाय देऊन फसत. ते विमान डीसीएसमध्ये नाही.)

जमीन सुटली की चाकं वर घ्यायची. लिव्हर उजव्या बाजूला आहे, म्हणून खऱ्या वैमानिकाला थ्रॉटलवरचा डावा हात स्टिकवर आणून उजवा मोकळा करावा लागे. सुरुवातीच्या मार्कमध्ये तर चाकं हातपंपाने वर घ्यावी लागत, आणि एक हात पंप मारताना दुसराही हलल्यामुळे नवख्याचं विमान लाटांवरून गेल्यासारखं वरखाली होई. मार्क नऊमध्ये हायड्रॉलिक आहे, पण हात बदलायचा तो बदलायचाच. टेबलावर आपण एक बटण दाबतो, त्यामुळे ही गंमत हुकते. व्हीआर हेडसेट वापरणाऱ्यांनी माउसने लिव्हर ओढून पाहावा, थोडी कल्पना येते.

मर्लिन ६६ ची काळजी घेणं म्हणजे दोन काटे आणि त्यांचा क्रम. शक्ती वाढवताना आधी आरपीएम, मग बूस्ट. कमी करताना आधी बूस्ट, मग आरपीएम. हा क्रम उलटा झाला आणि कमी आरपीएमवर जास्त बूस्ट पडला तर सिलिंडरमध्ये इंधन अवेळी भडकतं आणि इंजिन तुटतं. मॉड्यूल हे माफ करत नाही. आकडे पायलट्स नोट्सचे: लढाईत ३००० आरपीएम, +१८, पाच मिनिटं. चढताना २८५० आणि +१२, तासभर. सततच्या उड्डाणाला २६५० आणि +७. चढाईचा वेग ताशी १६० मैल ठेवायला सांगितला आहे. खेळात मात्र गरम दिवशी १८० ठेवलेला बरा, रेडिएटरला हवा मिळते. कूलंट लढाईत १३५ पर्यंत चालतं असं नोट्स म्हणतात. आमचा सल्ला, १२० च्या पुढे काटा दिसला की नाक खाली करून वेग घ्या. उलटं उडताना किंवा स्टिक झटक्यात पुढे ढकलताना इंजिन गुदमरत नाही याचं आश्चर्य वाटून घेऊ नका. तो दोष सुरुवातीच्या कार्ब्युरेटरचा होता. मर्लिन ६६ ला बेंडिक्स-स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर आहे, आणि मॉड्यूलने ते बरोबर दाखवलं आहे.

इंधन एकूण ८५ गॅलन, वरच्या टाकीत ४८ आणि खालच्या टाकीत ३७. मापक दाखवतो फक्त खालच्या टाकीतलं, तेही त्याखालचं बटण दाबलं तरच. वरची टाकी आधी रिकामी होते, म्हणजे काटा हलायला लागला तेव्हा निम्म्याहून जास्त पेट्रोल गेलेलं असतं. पूर्ण शक्तीवर हे इंजिन ताशी सुमारे १५० गॅलन पितं. नवीन खेळाडू काटा भरलेला पाहून निर्धास्त राहतात आणि खाडीच्या मध्यावर उतरतात.

हवेच्या टाकीकडेही असंच दुर्लक्ष होतं. ब्रेक, फ्लॅप्स (उतरताना पंखांमागे खाली होणाऱ्या झडपा), तोफा-बंदुकांचा ट्रिगर आणि रेडिएटरच्या झडपा, सगळं त्याच दाबाखालच्या हवेवर चालतं. टॅक्सी करताना सतत ब्रेक फुसफुसवत राहिलात तर दाब पडतो. इंजिन मंद फिरत असल्यामुळे कॉम्प्रेसर तो लवकर भरून काढत नाही. मग फ्लॅप्स नीट उतरत नाहीत आणि ब्रेकला जोर राहत नाही. पॅनेलवर तीन काट्यांचा एक मापक आहे, त्यात पुरवठा आणि दोन्ही चाकांचा दाब दिसतो. उतरण्याआधी त्यावर नजर टाकायची सवय लावा.

हवेतलं वागणं हा मॉड्यूलचा गाभा. एलेव्हेटर अतिशय हलका, एलेरॉन (विमान बाजूला कलवणाऱ्या पंखांवरच्या झडपा) वेग वाढेल तसे जड होत जाणारे: ही विसंगती खऱ्या स्पिटफायरची ओळख होती आणि इथे ती स्पष्ट जाणवते. अमेरिकेच्या नाका या विमानसंशोधन संस्थेने मार्क पाचची चाचणी केली तेव्हा साध्या उड्डाणातून स्टॉलपर्यंत (पंखांची उचल तुटण्यापर्यंत) जायला स्टिक जेमतेम पाऊण इंच मागे ओढावी लागते, असं नोंदलं होतं. त्याचबरोबर स्टॉलची सूचना भरपूर आधी मिळते. विमान थरथरतं, ती थरथर डीसीएसमध्ये आवाजातून आणि कॅमेऱ्याच्या कंपनातून येते. थरथरीच्या काठावर वळण धरून ठेवता आलं तर जर्मनांचं मेसरश्मिट किंवा फॉकवुल्फ विमान आत येऊ शकत नाही. पुढे ओढलं की पंख झटकन पडतो. एलेरॉनला ट्रिम नाही, त्यामुळे लांबच्या उड्डाणात हात थोडा एका बाजूला धरून ठेवावाच लागतो. तो बिघाड समजू नये. ज्यांच्याकडे फोर्स फीडबॅक स्टिक (हाताला उलटा जोर देणारी) आहे त्यांना ट्रिमसोबत मध्यबिंदू सरकताना आणि जड एलेरॉन खरोखर हाताला जाणवतात. बाकीच्यांना पडद्यावरची स्टिक आपल्या हातापेक्षा मागे राहताना दिसते, एवढंच.

उतरणं. चाकं आणि फ्लॅप्स दोन्ही ताशी १६० मैलांच्या खाली. फ्लॅप्सना दोनच स्थिती आहेत, पूर्ण वर नाही तर पूर्ण खाली. मधलं काही नाही, म्हणून नाक जोरात बदलेल याची तयारी ठेवा. सरळ लांब रेषेत यायचं नाही, धावपट्टी नाकाआड जाते. वाऱ्याच्या दिशेच्या टप्प्यातून सतत वळत, डावा पंख खाली ठेवून, शेवटच्या क्षणापर्यंत धावपट्टी नजरेत ठेवायची. वळणात ताशी १०० ते १०५ मैल, शेवटी ९५, कुंपणावरून ८५ ते ९०. थ्रॉटल बंद आणि तीन चाकांवर टेकू द्या. उडी मारली तर स्टिक पुढे ढकलू नका. छोटी उडी असेल तर तशीच धरून ठेवा, मोठी असेल तर शक्ती देऊन पुन्हा फेरी घ्या. टेकल्यावर काम संपत नाही, खरं काम तिथेच सुरू होतं: स्टिक पोटाशी आणि पाय छोट्या छोट्या टोच्यांनी हलते. ब्रेक वेग उतरल्यावर. टॅक्सीआधी फ्लॅप्स वर घ्या, खाली राहिले तर रेडिएटरमागची हवा अडते.

शस्त्रांबद्दल थोडक्यात. दोन हिस्पानो तोफा, प्रत्येकी १२० गोळे, आणि चार ब्राउनिंग मशीनगन, प्रत्येकी ३५० गोळ्या. दोन्हींना वेगळी बटणं द्या. साइटवर शत्रूच्या पंखांची रुंदी लावता येते: मेसरश्मिटला सुमारे ३२ फूट, फॉकवुल्फ १९० ला साडेचौतीस. बहुतेक नवखे फार लांबून मारतात. रेषांच्या मधली जागा पंखांनी भरल्याशिवाय ट्रिगर दाबू नका.

उणिवाही आहेत. संगणक चालवतो ती विमानं सोप्या भौतिकीवर उडतात. तुमच्याइतकी त्यांना इंजिनाची चिंता नसते, आणि ती खडा चढ घेताना मन खट्टू होतं. एकट्याने लढणाऱ्याला हे बोचेल, माणसांविरुद्ध ऑनलाइन खेळणाऱ्याला नाही. 'आयएल-२ ग्रेट बॅटल्स' या दुसऱ्या विमानखेळात मार्क नऊ आहे, लढाया गजबजलेल्या आहेत आणि शिकणं सोपं आहे. पण तिथे कॉकपिटमधली बटणं माउसने चालवता येत नाहीत आणि इंजिन सुरू करणं एका कळीचं काम आहे. लढाई हवी असेल तर ते घ्या, विमान हवं असेल तर हे.

भारतीय वाचकाला एक गोष्ट राहून राहून खटकेल: ब्रह्मदेशाचा नकाशा नाही आणि मार्क आठही नाही. रॉयल इंडियन एअर फोर्सची आठ क्रमांकाची स्क्वाड्रन ब्रह्मदेशात मार्क आठवरच लढली. नोव्हेंबर १९४७ मध्ये श्रीनगरजवळ शालटेंगच्या लढाईत स्पिटफायरने हल्ले चढवले. त्या काश्मीर मोहिमेतल्या कामगिरीसाठी हृषीकेश मुळगावकर यांना महावीर चक्र मिळालं, पुढे ते हवाई दलप्रमुख झाले. १९४८ मध्ये भारताने दोन आसनी टी-९ प्रशिक्षण विमानंही घेतली, मार्क नऊपासूनच बनवलेली. मार्क आठ आणि नऊला एकाच घराण्यातली इंजिनं असल्यामुळे वर सांगितलेली इंजिनाची शिस्त त्या वैमानिकांनाही जवळजवळ तशीच पाळावी लागे. दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात स्पिटफायर ठेवलेलं आहे. ते पाहून आलात तर चाकं किती जवळजवळ आहेत ते डोळ्यांनी कळतं, आणि खेळातल्या पायांच्या कसरतीचं कारण लगेच पटतं.

विकत घेण्याआधी स्टँडअलोन आवृत्तीत (थेट ईगल डायनॅमिक्सकडून घेतलेल्या) चौदा दिवसांची फुकट चाचणी मिळते, स्टीमवर नाही. ती सुरू करण्याआधी फुकटच्या टीएफ-५१ मस्टँगवर टॅक्सी, उड्डाण आणि उतरणं पक्कं करा. चाचणीचे दिवस त्यात घालवू नका. मग स्पिटफायरवर पहिले दिवस फक्त जमिनीवर काढा, शस्त्रांविना, अर्ध्या इंधनावर, वारा शून्य ठेवून. टॅक्सी सरळ जमू लागली की उड्डाण, आणि शेवटी आठ-दहा नॉट आडवा वारा लावून तेच पुन्हा. आडव्या वाऱ्यात उतरायचा कंटाळा आला, तर मॉड्यूल सवलतीतही घेऊ नका. तुमचा वेळ आयएल-२ मध्ये जास्त चांगला जाईल.